आशा आणि आशावाद: काकांनी दिलेल्या एका पुस्तकाबद्दल

गेल्या वर्षी गणपतीचा कार्यक्रम संपल्यावर आम्ही हॉलमधल्या खुर्च्या आवरत होतो. मंडळातले एक काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तू हल्ली फार निगेटिव्ह बोलतेस गं." जेवणाच्या रांगेत त्यांनी सहज "काम कसं चाललंय?" असं विचारलं होतं आणि मी खरं ते सांगून टाकलं होतं. मी पोस्टडॉक आहे, म्हणजे पीएच.डी. झाल्यावर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या करारावर काम करणारी संशोधक. यीस्टच्या पेशी म्हाताऱ्या कशा होतात, हा माझा विषय. त्या आठवड्यात एका फेलोशिपसाठी केलेला माझा अर्ज दुसऱ्यांदा नाकारला गेला होता. "आता काही खरं नाही, काका," असं मी म्हणाले होते.

पुढच्या शनिवारी काकांनी एक पुस्तक आणून दिलं. मार्टिन सेलिग्मन यांचं 'लर्न्ड ऑप्टिमिझम'. पानं पिवळी पडलेली, काही ठिकाणी पेन्सिलीच्या रेघा. तुमच्यापैकी अनेकांच्या कपाटात हे पुस्तक असेल. १९९०-९१ च्या सुमारास आलेलं हे पुस्तक अजून छापलं जातं, आणि कंपन्यांच्या कार्यशाळांतून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुविचारांतून त्याचे तुकडे आपल्यापर्यंत येत राहतात. आशावादी दृष्टिकोन ठरवून अंगी बाणवता येतो, हा आजकाल सर्वत्र ऐकू येणारा दावा बऱ्याच अंशी या एका पुस्तकातून पसरला. म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. मी मानसशास्त्राची अभ्यासक नाही, हे आधीच सांगते. पण पुरावा कसा वाचायचा हे माझ्या पेशात रोजचं काम आहे, आणि हे पुस्तक स्वतःला पुराव्यावर उभं असलेलं म्हणवतं.

सुरुवात कुत्र्यांपासून होते. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर हे दोघे तरुण विद्यार्थी होते. त्यांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला विजेचे झटके मिळत, पण नाकाने एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या गटाला अगदी तेवढेच झटके, त्याच वेळी, पण थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. तिसऱ्या गटाला झटकेच नाहीत. नंतर तिन्ही गटांना अशा पेटीत ठेवलं की मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिल्या आणि तिसऱ्या गटातले कुत्रे पटकन शिकले. दुसऱ्या गटातले बहुतेक जागेवर पडून राहिले. या वागण्याला त्यांनी 'शिकलेली असहायता' असं नाव दिलं. १९६७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रयोग वाचताना आज पोटात गलबलतं, पण त्याची मांडणी चोख आहे हे मान्य करावं लागतं. दोन गटांत फरक फक्त एकाच गोष्टीचा ठेवला होता, ती म्हणजे परिस्थितीवरचा ताबा.

मला सगळ्यात आवडलेला प्रसंग यानंतर येतो. १९७५ मध्ये सेलिग्मन ऑक्सफर्डला व्याख्यान देतात. जॉन टीसडेल हे मानसशास्त्रज्ञ त्यांना गाठून सांगतात की तुमचा सिद्धांत अपुरा आहे. तीनातला एक कुत्रा, तीनातला एक माणूस हार मानत नाही, त्याचं काय? काही माणसं लगेच सावरतात, काही कधीच सावरत नाहीत, हे तुमच्या सिद्धांतात कुठे बसतं? सेलिग्मन यांना आक्षेप पटतो आणि ते टीसडेल यांनाच सोबत घेऊन सिद्धांत दुरुस्त करायला बसतात. लिन अब्रॅमसन, सेलिग्मन आणि टीसडेल या तिघांचा सुधारित लेख १९७८ मध्ये आला. या प्रसंगाकडे मी पुन्हा येणार आहे.

दुरुस्तीचं सार असं: वाईट घडल्यावर माणूस स्वतःला त्याचं कारण काय सांगतो, यावर तो सावरेल की कोसळेल हे बरंचसं ठरतं. कारण सांगण्याच्या या सवयीला तीन बाजू आहेत. कारण कायमचं मानता की तात्पुरतं, सगळ्या आयुष्याला लावता की त्या एका प्रसंगापुरतं, आणि स्वतःकडे घेता की बाहेर टाकता. "माझं इंग्रजी कधीच सुधारणार नाही" आणि "आजच्या सादरीकरणात मी घाईघाईनं बोलले" या दोन वाक्यांतला फरक परदेशात पहिली दोन वर्षं काढलेल्या कुणालाही वेगळा समजावून सांगायला नको. पहिलं वाक्य डोक्यात घेऊन मी कितीतरी मीटिंगमध्ये गप्प बसले आहे.

सवय बदलायची कशी? इथे सेलिग्मन यांनी अल्बर्ट एलिस यांची पद्धत जवळजवळ तशीच उचलली आहे, आणि ते तसं मान्यही करतात. घटना, तिच्याबद्दलची समजूत, समजुतीतून आलेला परिणाम, मग त्या समजुतीशी वाद घालायचा. मराठी वाचकांना हे नवं नाही. कि. मो. फडके यांनी एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठीत रुजवली, अंजली जोशी यांनी 'मी अल्बर्ट एलिस' लिहिलं, ठाण्याच्या आयपीएचमधून डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी ती वर्षानुवर्षं शिकवत आले आहेत. त्याही मागे जायचं तर 'मनाचे श्लोक' हा मनालाच समोर बसवून केलेला उपदेश आहे. फरक असा की समर्थ मनाला दटावतात आणि एलिस त्याच्याकडे पुरावा मागतात. मला लहानपणी दटावणीच जास्त मिळाली, त्यामुळे असेल, पुरावा मागण्याची कल्पना थंडगार पाण्यासारखी वाटली.

पद्धत मी वापरून पाहिली. एका रविवारी, बाहेर बर्फ पडत असताना, नाकारलेल्या अर्जावरचे परीक्षकांचे शेरे पुन्हा उघडले. डोक्यातली समजूत कागदावर लिहिली: 'माझी संशोधक होण्याची लायकी नाही.' मग तिच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा. लायकी नाही असं तीनही परीक्षकांपैकी कुणीच लिहिलं नव्हतं. दोघांनी एकच गोष्ट लिहिली होती: प्रस्तावाचा दुसरा भाग पूर्णपणे पहिल्या भागाच्या यशावर अवलंबून आहे, पहिला फसला तर पुढे काहीच उरत नाही. शेरा बरोबर होता. पहिल्यांदा वाचताना मी 'फसला' हा एकच शब्द वाचला होता. त्या दिवशी मला बरं वाटलं असं म्हणणार नाही, पण सोमवारी काय करायचं ते कळलं. पुस्तकाचं एवढं श्रेय मी मनापासून देते.

आता तक्रारीकडे वळते. पुस्तकाच्या सुरुवातीच्या भागात ४८ प्रश्नांची एक चाचणी आहे. प्रत्येक प्रश्नात एक प्रसंग आणि दोन कारणं; तुम्ही एक निवडायचं, शेवटी गुण मोजायचे. एक प्रसंग असा की मित्राच्या घरी गाडीनं जाताना तुम्ही रस्ता चुकलात. कारण निवडा: मी एक वळण चुकवलं, की मित्रानं पत्ता नीट सांगितला नव्हता? मी पहिलं निवडलं, कारण माझ्या बाबतीत बहुतेक वेळा तेच खरं असतं. उत्तरं तपासली तर कळलं की पहिल्या उत्तराला निराशेच्या खात्यात एक गुण पडतो. मित्रावर ढकललं असतं तर शून्य.

हे मला खटकलं आणि अजून खटकतं. वळण चुकणं ही तात्पुरती गोष्ट आहे, एका प्रवासापुरती आहे, आणि पुढच्या वेळी सहज टाळता येते. सेलिग्मन यांच्याच पहिल्या दोन कसोट्यांवर ते अगदी निरोगी उत्तर आहे. तरी ते निराशावादी ठरलं, कारण चूक माझी म्हटली. प्रयोगशाळेत याचा अर्थ काय होतो ते सांगते. दोन वर्षांपूर्वी मी फ्रीझरमध्ये ठेवायच्या दोन नळ्यांवर चिठ्ठ्या उलट्या लावल्या. पुढे तीन आठवडे निकाल विचित्र येत राहिले. इन्क्युबेटरचं तापमान वरखाली होतं, नवीन मागवलेलं अगार खराब असेल, ही कारणं तयारच होती, आणि त्यातलं प्रत्येक कारण मला सुखात ठेवणारं होतं. माझ्यासोबत काम करणारी पदवीची विद्यार्थिनी मात्र त्याच नळ्यांवरून पुढचे प्रयोग लावत होती. मी "चूक माझी असू शकते" असं म्हटल्याशिवाय तिचे वाया जाणारे दिवस थांबणार नव्हते. ते म्हणायला मी चार दिवस जास्त लावले, हेही इथे लिहून टाकते.

सेलिग्मन यांना ही अडचण दिसत नाही असं नाही. जबाबदारी झटकायला शिकवणं आपल्याला मान्य नाही असं ते सांगतात. तीन बाजूंपैकी ही तिसरी सगळ्यात कमी महत्त्वाची आहे, तिच्यामुळे आपल्याला स्वतःबद्दल कसं वाटतं तेवढं ठरतं, आपण पुढे काय करतो ते पहिल्या दोन ठरवतात, असंही त्यांनी लिहिलं आहे. मग ती एकूण गुणांत का मोजायची? याचं समाधानकारक उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही. उलट एक गंमत सापडली. चाचणीत एकूण गुणांखेरीज एक वेगळा आकडा काढायला सांगितला आहे, त्याला त्यांनी 'आशा' म्हटलं आहे. आशेच्या आकड्यात फक्त पहिल्या दोन बाजू धरतात, कायमपणा आणि व्याप्ती. चूक कुणाची हा प्रश्न आशेच्या हिशेबात येतच नाही.

माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात मोलाची गोष्ट हा छोटासा हिशेब आहे, आणि तो चाचणीच्या तपशिलात हरवून गेला आहे. मराठीत आशा आणि आशावाद हे दोन शब्द आपण अदलून बदलून वापरतो. या पुस्तकापुरता तरी त्यांच्यात फरक करता येतो. चूक माझी असेल, मोठी असेल, पण ती इथपुरती आहे आणि बदलता येईल, ही आशा. यात वर स्वतःला निर्दोष ठरवण्याची सवय मिसळली की पुस्तकाच्या मथळ्यातला आशावाद होतो. ऑक्सफर्डचा प्रसंग आता आठवा. टीसडेल यांनी चूक दाखवल्यावर सेलिग्मन यांनी काय केलं? चूक आपली आहे हे कबूल केलं आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे असं धरलं. चाचणीत बसवायचं तर त्यांना निराशेचा एक गुण पडला असता. आशेचे गुण पूर्ण मिळाले असते.

काकांच्या पेन्सिलीच्या रेघा सगळ्यात दाट आहेत त्या कामातल्या यशावरच्या प्रकरणात. मेटलाइफ या विमा कंपनीची ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. विमा विकणाऱ्याला दिवसभर नकार ऐकावे लागतात, त्यामुळे नवे विक्रेते भराभर सोडून जात. सेलिग्मन यांनी उमेदवारांची आशावादाची चाचणी घेतली. नेहमीच्या परीक्षेत थोडक्यात नापास झालेले पण आशावादात वरचे असे काही लोक कंपनीनं वेगळे घेतले. पुस्तकातल्या आकड्यांप्रमाणे या गटानं नेहमीच्या भरतीतल्या निराशावाद्यांपेक्षा पहिल्या वर्षी २१ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५७ टक्के जास्त विक्री केली.

निष्कर्ष खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. नकार पचवत फोन फिरवत राहणारा जास्त विमे विकेल हे उघड आहे. मला प्रश्न पडतो तो या उदाहरणावरून सगळ्या कामांबद्दल बोलण्याचा. विम्याच्या फोनमध्ये एका नकाराची किंमत फार तर पाच मिनिटं आहे. आणि विक्रेत्याच्या आशावादाचा फायदा कंपनीला दोन्हीकडून होतो. तो टिकला तर विक्री होते, थकून गेला तर त्याच्या जागी दुसरा येतो. माझ्या क्षेत्रात पोस्टडॉक खूप आणि प्राध्यापकांच्या जागा थोड्या. अशा ठिकाणी "चिकाटी सोडू नकोस" हा सल्ला देणाऱ्याला काही पडत नाही, घेणाऱ्याला मात्र वर्षं मोजावी लागतात. आपल्यापैकी ज्यांचा या देशातला मुक्काम नोकरीवर आणि नोकरी विसावर टांगलेली आहे, त्यांच्या बाबतीत तर प्रत्येक वर्षाला तारीख असते. आपल्या मंडळांच्या व्यासपीठावर ज्यांचं जमलं तेच बोलावले जातात हेही लक्षात घ्या. ज्यांचं नाही जमलं ते परत गेलेले असतात.

बार्बरा एरनराइक यांनी २००९ मध्ये 'ब्राइट-सायडेड' या पुस्तकात या सगळ्यावर सडकून टीका केली. ब्रिटनमधल्या वाचकांनी ते 'स्माइल ऑर डाय' या नावानं पाहिलं असेल. एरनराइक लेखिका होण्याआधी पेशीविज्ञानातल्या संशोधक होत्या, रॉकफेलर विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. केली होती, त्यामुळे मला त्या थोड्या घरच्या वाटतात. स्तनांच्या कर्करोगावरचे उपचार चालू असताना सगळीकडून होणारी हसतमुख राहण्याची सक्ती त्यांना असह्य झाली. कामावरून काढलेल्यांना "ही संधी समजा" असं सांगणाऱ्या व्याख्यात्यांवर त्यांचा राग आहे आणि तो मला पटतो. पण सकारात्मकतेचा सगळा बाजार त्या एकाच काठीनं झोडपतात. सेलिग्मन यांच्या पद्धतीतला पुरावा मागण्याचा भाग त्या झोडपण्यात निसटून जातो. मला त्या रविवारी उपयोगी पडला तो तोच भाग होता.

पुस्तकाच्या शेवटच्या भागात सेलिग्मन स्वतःच आशावादाला कुंपण घालतात, आणि तिथे काकांची एकही रेघ नाही. ते म्हणतात की आशावाद वापरायचा की नाही हे अपयशाची किंमत पाहून ठरवा. पंखांवरचा बर्फ आणखी एकदा काढून घ्यावा का, असा विचार करणाऱ्या वैमानिकाला आशावाद नको. पार्टीत पिऊन गाडीची किल्ली हातात घेतलेल्यालाही नको. मी विस्कॉन्सिनमध्ये राहते. जानेवारीत इथल्या रस्त्यावर डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो, त्यामुळे हे उदाहरण मला लगेच पटलं. पण ही किंमत कोण मोजणार, हा प्रश्न ते पुरेसा विचारत नाहीत. वैमानिकाच्या मागे प्रवासी बसलेले असतात.

याच प्रश्नामुळे मला माझ्या घराकडे पाहावं लागलं. दोन वर्षांपूर्वी लागोपाठ दोन रविवार आमचा व्हिडिओ कॉल झाला नाही. "नेट नीट चालत नाही गं, साधा फोन कर," असं आई म्हणाली. बाबांचा आवाज बारीक वाटला, विचारलं तर म्हणाले, "झोप झाली नाही नीट, बाकी सगळं ठीक." नवव्या दिवशी दादानं सांगितलं की बाबांची अँजिओप्लास्टी झाली आहे. "तुला तिथे एकटीला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं. आता सगळं उत्तम आहे, पॉझिटिव्ह राहा." मी चिडले, रडले. आणि मग आठवलं की अर्ज पहिल्यांदा नाकारला गेला होता ते मीही तीन महिने त्यांना सांगितलं नव्हतं. तुमच्या घरीही असंच चालतं का? दोन खंडांमध्ये ताणलेल्या बहुतेक कुटुंबांत 'सगळं ठीक आहे' हा रविवारचा ठरलेला संवाद असतो असं मला वाटतं. तो प्रेमानंच बोलला जातो. पण त्या नऊ दिवसांत विमानाचं तिकीट काढायचं की नाही, हे ठरवण्याची संधी मला मिळाली नाही.

पुढे सहा महिन्यांनी मी साताऱ्याला गेले तेव्हा बाबा गच्चीवर माझ्याशी बोलले. येणारा प्रत्येक जण त्यांना सांगत होता की विचार चांगले ठेवा, अर्धा आजार मनाचा असतो. "रात्री छातीत जरा काही झालं की मला भीती वाटते," ते म्हणाले, "पण तसं म्हटलं की सगळे ओरडतात, तुम्ही असले विचार करता म्हणूनच होतं." म्हणजे आजारही त्यांचा आणि आजाराचा दोषही त्यांचा. आशावादाच्या प्रचाराची ही उलटी बाजू मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसली.

विज्ञान काय म्हणतं ते पाहिलं. कर्करोगाच्या बाबतीत जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास आहे. डोकं आणि मान यांच्या कर्करोगाचे १,०९३ रुग्ण त्यात होते. रुग्णाची भावनिक स्थिती कशी होती यावरून तो किती जगेल हे सांगता आलं नाही. हृदयविकाराच्या बाबतीत आशावादी माणसांना धोका कमी दिसतो असं सांगणारे अभ्यास आहेत, ते मी नाकारत नाही. पण ते निरीक्षणाचे अभ्यास आहेत. आशावादी माणूस चालायला जातो, गोळ्या वेळेवर घेतो, कदाचित मुळात त्याची तब्येतच बरी असते. यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून ठरत नाही. आजारी माणसाला "भीती बाळगू नका" असं बजावल्यानं त्याचं हृदय सुधारतं, असं तर त्यातून मुळीच निघत नाही. सेलिग्मन यांच्या पुस्तकातलं आरोग्यावरचं प्रकरण मला सगळ्यात कच्चं वाटलं ते यामुळे. तुम्ही पुस्तक वाचणार असाल तर ते प्रकरण सोडून द्या.

आता पुस्तकात नसलेली एक गोष्ट, कारण ती पुस्तक आल्यावर पंचवीस वर्षांनी घडली. २०१६ मध्ये मायर आणि सेलिग्मन या जुन्या जोडीनं 'सायकॉलॉजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात लेख लिहून आपला मूळ सिद्धांत उलटा होता असं जाहीर केलं. मायर मधल्या काळात मेंदूविज्ञानाकडे वळले होते आणि उंदरांवर काम करत होते. त्यांना असं दिसलं की असहायता शिकावी लागतच नाही. त्रास लांबला की निपचित पडणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे. मेंदूच्या बुंध्यातल्या डॉर्सल राफे न्यूक्लियस नावाच्या भागाचा त्यात मोठा वाटा असतो. शिकावा लागतो तो ताबा. 'मी केलेल्या हालचालीनं काही बदललं' हे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला कळलं, की तिथून खालच्या त्या भागाला आवर घातला जातो, आणि हा अनुभव पुढच्या संकटातही कामाला येतो. म्हणजे १९६७ मध्ये दुसऱ्या गटातले कुत्रे काही शिकले नव्हते. शिकले होते ते पहिल्या गटातले, फळी दाबणारे.

पन्नास वर्षं ज्याच्या नावावर आपण ओळखले गेलो तो सिद्धांत उलटा होता असं लिहायला लागणारं धैर्य मला ऑक्सफर्डच्या प्रसंगाची आठवण करून देतं. सेलिग्मन यांनी २०१८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'द होप सर्किट'. नावात आशा आहे, आशावाद उपशीर्षकात गेला आहे. मी यात फार अर्थ शोधते आहे असं तुम्ही म्हणाल, म्हणा. पण या लेखानंतर मूळ पुस्तक वाचताना भर बदलतो. मनातल्या वाक्यांशी वाद घालणं उपयोगी आहे, तरी ज्या माणसाच्या हातात खरोखर काहीच नाही त्याला केवळ वाक्यं बदलून किती उचलता येईल? त्याला दाबता येईल अशी एखादी फळी द्यावी लागते. बाबांच्या डॉक्टरांनी त्यांना रोज किती चालायचं, नाडी किती झाली की थांबायचं आणि छातीत कसं दुखलं की कुणाला फोन करायचा हे एका कागदावर लिहून दिलं. तो कागद त्यांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवला आहे. विचार चांगले ठेवा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. रात्री जाग आली की ते दिवा लावून तो वाचतात, असं आई सांगते. आता ती असल्या गोष्टी सांगते.

या गणपतीत मी पुस्तक परत करायला गेले. कामाच्या प्रकरणाबद्दल मला जे वाटलं ते काकांना जरा तावातावानंच सांगितलं, विमा, कंपनी, किंमत कोण मोजतं वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या रेघा २००२ च्या आहेत. माझी नोकरी गेली होती, घराचे हप्ते चालू होते, मुलगी कॉलेजात. दीड वर्ष मी विमेच विकले. रोज सकाळी गाडीत बसून ते प्रकरण वाचायचो आणि मग पहिला फोन लावायचो." ही गोष्ट मंडळात कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या भाषणात ती कधी आली नव्हती. मला काय बोलावं सुचेना. "शेवटची प्रकरणं वाचलीत का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "तिथवर पोचलोच नाही, तोवर नोकरी लागली."

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि वैमानिकाचं पान उघडून दाखवलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला. वाचता वाचता विचारलं, "आणि तुझ्या अर्जाचं काय?" दुसरा भाग पूर्ण नव्यानं लिहिला आहे, पहिला फसला तरी तो उभा राहील असा, असं मी सांगितलं. शिवाय एका कंपनीत आणि दोन कॉलेजांमध्ये शिकवण्याच्या जागांसाठीही अर्ज केले आहेत, आणि हे सगळं या वेळी साताऱ्याला कळवलं आहे.